आयुष्मान कार्ड आणि आमच्या गावचे सेवा केंद्र

रुग्णालयात मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेच्या आयुष्मान कार्डाचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, हा समज यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात इतका रुजला आहे की, ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून माणसे सेवा केंद्रासमोर ताटकळत बसतात. वस्तुतः कुटुंबाला मिळणारे ५ लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण नव्या वर्षी आपोआप पूर्ववत होते आणि कार्ड तेच राहते. केंद्रात याची साधी पाटीसुद्धा नाही, याबद्दल मी केंद्राचा पहिला गुण कापला.

माझे काम आईच्या वय वंदना कार्डाचे, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या आयुष्मान कार्डाचे होते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, ही सोय मिळते. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी ५ लाखांचे संरक्षण वेगळे असते. निंदण-वेचणीत आयुष्य गेलेल्या आईच्या बोटांचे ठसे यंत्राने चार वेळा नाकारले. चालक मुलगा मात्र वैतागला नाही; त्याने मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटवली आणि दहा मिनिटांत कार्ड हाती दिले. तेवढ्यापुरते त्याचे कौतुकच. पन्नास रुपयांची पावती मागितल्यावर तो जरा गप्प झाला, हेही नोंदवतो.

जाणाऱ्यांनी आधार व शिधापत्रिकेवरील नावे आधी जुळवून पाहावीत, आधारशी जोडलेला मोबाइल सोबत न्यावा आणि शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारावे. दुपारी वीज जाते. सकाळीच गेलेले बरे.