लेथच्या लाइटपायी ४,३०० रुपयांचा चुना

आधी आकडे सांगतो. दिव्याचे २,६५०, ‘ट्रान्सपोर्ट इन्शुरन्स’चे ७९०, आणि खराब माल परत न्यायचे म्हणून ८६०. टोटल ४,३००. यातले शेवटचे दोन्ही ‘रिफंडेबल’ होते म्हणे. पुढचा माणूस रिफंडेबल म्हणाला रे म्हणाला की फोन ठेवायचा, समजलं ना.

भांडुपला आमची तळमजल्याची खोली, मागच्या पडवीत माझा मिनी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातायचं छोटं मशीन. उभा जन्म टर्नर म्हणून गेला, रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून घेतला. पितळेचे बुश, नॉब, कुणाच्या गेटचा एखादा पार्ट, असली बारीकसारीक कामं करतो. पडवीत उजेड म्हणाल तर एक जुनी चोकवाली ट्यूब, तीही पाठीमागे, म्हणजे माझीच सावली माझ्या जॉबवर, कातायच्या तुकड्यावर. टूल टेकलंय की नाही ते कळत नाही आणि व्हर्नियरवरचं माप वाचायला मोबाइलची टॉर्च दातात धरायची. नवीन लाइट घेणं भागच होतं, चैन म्हणून नाही घेतला.

आणि लेथवर कुठलाही लाइट चालत नाही. जाणकारांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आपला करंट ५० हर्ट्‌झचा, त्यामुळे चोकवाली ट्यूब किंवा हलका एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. आता फोर-जॉ चक, म्हणजे जॉब पकडून फिरणारा चार जबड्यांचा भाग, १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) लावा. सेकंदाला २५ फेरे, गुणिले चार जबडे, बरोबर १००. म्हणजे दरवेळी उजेड भरतो तेव्हा कुठला ना कुठला जबडा त्याच जागी आलेला असतो आणि चक उभा असल्यासारखा दिसतो. थ्री-जॉचं, म्हणजे तीन जबड्यांच्या चकचं, हेच २००० ला होतं. फिरतं चक बंद दिसलं की हात जातो, मग बोटं मोजत बसा. आमच्या कंपनीत शेजारशेजारच्या ट्यूबा मुद्दाम वेगवेगळ्या फेजवर टाकलेल्या असायच्या, एक मंद झाली की दुसरी पेटलेली, शिवाय प्रत्येक मशीनला २४ व्होल्टचा वेगळा लॅम्प. त्यामुळे मला काय पाहिजे ते मला पक्कं माहीत होतं. २४ व्होल्ट, फ्लिकर (उजेडाचं हे कमीजास्त होणं) नको, मान वाकणारी, पुढे काच. मी काही अडाणी गिऱ्हाईक नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरात रोज तेच ऐकतोय.

लोहार चाळीत गेलो होतो. एका दुकानदाराने ट्रान्सफॉर्मरसकट ३,९०० सांगितले, पक्क्या बिलासकट. कमी कर म्हटलं तर शंभर रुपयेसुद्धा सोडेना, वर तोंड वाकडं. मला राग आला, आलो परत. आज तोच माणूस मला देवमाणूस वाटतो पण तेव्हा तसं वाटायचं काही कारण नव्हतं.

मग मोबाइलवर तो व्हिडिओ आला. चाकणची कंपनी बंद पडलीय, मशीन लॅम्पचा स्टॉक काढायचाय, शेवटचे तीन पीस. फोन केला तर पोरगा काय गोड बोलणारा, आणि आपल्या लाइनीतला. “काका, चक थ्री-जॉ का फोर-जॉ? फोर-जॉ असेल तर साधा लाइट अजिबात घेऊ नका हां, फसवतात लोक.” स्वतः म्हणाला, फसवतात लोक! कूलंट (कातताना सोडायचं थंडाव्याचं पाणी) वापरता का, मॅग्नेट बेस पाहिजे का बोल्टचा, सगळं विचारलं. मी तीस-पस्तीस वर्षांत ज्या ज्या स्टोअरवाल्यांशी बोललो त्यातल्या निम्म्यांना एवढं कळत नव्हतं. असं बोलणारा चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

तरी मी म्हटलं, पेटवून दाखव. त्याने व्हिडिओ कॉल केला. टेबलावर दिवा, मागे निळी ताडपत्री. बटण दाबलं आणि माझ्या स्क्रीनवर पट्टे. आडवे, काळपट, तीन-चार, हळूहळू वर सरकतायत. मी बघितले. नुसते बघितले नाहीत, विचारलं पण, की हे पट्टे कसले रे? तो हसला. “काका, माझा मोबाइल स्वस्तातला आहे, कॅमेऱ्याचं आहे ते.” आणि मी म्हटलं, हां असेल.

इथेच. हे आठवलं की अजून झोपेतून उठून बसतो. कॅमेरा चित्र एकदम घेत नाही, एकेक ओळ करत घेतो, आणि मधल्या वेळात उजेड कमी झाला की तेवढ्या ओळी काळ्या येतात. उजेड जर स्थिर असेल तर मोबाइल कितीही भिकार असू दे, पट्टा येणार नाही. म्हणजे जो दोष माझ्या दिव्यात नको म्हणून मी मुंबईभर हिंडलो तोच दोष तो मला लाइव्ह दाखवत होता, आणि मी पट्टे बघून पैसे पाठवले. पण माझी बाजू पण ऐका, मोबाइलचा कॅमेरा असा चालतो हे मला तेव्हा कोणी सांगितलं होतं? माझ्या भाच्याने नंतर सांगितलं, तोंड वर करून, जणू काय पाळण्यात असल्यापासून त्याला माहीत होतं.

२,६५० पाठवताना क्यूआरवर नाव तिसऱ्याच माणसाचं आलं. विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं. मग ७९०, काचेचा माल आहे, इन्शुरन्स लागतो, डिलिव्हरीनंतर परत. बिल पण पाठवलं बरं का, छान रंगीत पीडीएफ. त्यात जीएसटी १२ टक्के. एलईडी लाइटवर जुलै २०२२ पासून १८ टक्के आहे, १२ कुठून आले? आणि जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, याच्यातले मोजले तर चौदा. एवढंही धड जमलं नव्हतं त्याला. पण बिल आलं म्हटल्यावर ते मोजत कोण बसतं, सांगा.

खोका आला. हातात घेतल्याबरोबरच हलका लागला. २४ व्होल्टच्या दिव्याला ट्रान्सफॉर्मर नाही, थेट दोन पिनांची वायर. लेबल २४ व्होल्ट, ३० वॅट. लेबलाचा कोपरा उचकटला तर खाली दुसरं लेबल, २३० व्होल्ट, ९ वॅट. तरी म्हटलं एकदा लावून बघू. लेथ चालू केला, फोर-जॉ, स्पीड वाढवत १५०० ला आणला, आणि माझ्या डोळ्यांदेखत चक थांबला. एकदम थांबला असं नाही, आधी उलटा फिरल्यासारखा वाटला, मग जबडा अगदी आळसावून इंचभर मागे सरकला आणि उभा राहिला. जबड्याच्या पायऱ्या मोजता येत होत्या. मोटरचा आवाज मात्र चालूच. जन्मभर लेथवर काढलेल्या माणसाच्या पोटात गोळा आला. लेथ बंद करून पेटत्या दिव्याच्या मानेला टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. लोखंडी मान, अर्थिंग नाही, आणि मी ओल्या कूलंटच्या हाताने ती वाकवणार होतो. खोलून बघितलं, आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर एलईडी, एक बारकी आयसी, बस. उजेड स्थिर ठेवायला कपॅसिटर नाही, धड ड्रायव्हर नाही.

फोन केला तर काय नम्रपणा! “सॉरी काका, पॅकिंगवाल्याची गडबड झाली, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, सगळे पैसे परत येतील.” ही थाप मला माहीत होती. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही, आणि त्याला मी तसं तोंडावर सुनावलं. यात मी फसलो नाही हे कृपया लक्षात घ्या. तो लगेच म्हणाला बरोबर आहे काका, तुम्ही हुशार आहात, मग कुरियरवाल्यालाच माल परत द्या, तो जाण्या-येण्याचे ८६० घेईल, ते पण रिफंडमध्ये धरतो. कुरियरवाला म्हणून वेगळ्या नंबरवरून वेगळा माणूस बोलला, आवाज वेगळा, भाषा हिंदी. दिले. त्यानंतर दोन्ही नंबर बंद.

आता खरी मजा. चौकीत गेलो. साहेब जेवायला गेलेत. मग साहेब आले, लेथ म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं, फ्लिकर समजावला, त्यांनी वरती बघून त्यांचीच ट्यूब दाखवली आणि म्हणाले ही पण हलते, आम्ही कुठे तक्रार केली? मग म्हणाले वस्तू मिळालीय ना, मग फसवणूक कसली, ग्राहकवाल्यांकडे जा. ग्राहकांच्या एका हेल्पलाइनला फोन लावला, आधी भाषा निवडा, मग संगीत ऐका, मग बाई म्हणाल्या विक्रेत्याचा पत्ता द्या. अहो पत्ता असता तर मीच गेलो नसतो का! पत्ता नाही म्हणजे हे सायबरचं, पोलिसांकडे जा. पुन्हा चौकी. आता दुसरे साहेब. ते म्हणाले तो नंबर बाहेरच्या राज्यातला दिसतोय, आमच्या हद्दीत येत नाही. बँकेत गेलो. बँकेतली पोरगी स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाली, ट्रान्झॅक्शन तुम्हीच केलंय ना सर, पिन तुम्हीच टाकलाय ना, मग बँक काय करणार. ज्या खात्यात पैसे गेले ते तरी गोठवा म्हटलं तर त्यासाठी पोलिसांचं पत्र आणा. आणि पोलीस म्हणतात आधी बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणा. शिक्का मारणारे रजेवर.

आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, चार हजारांसाठी एवढं कशाला करता काका? अहो माझे आहेत ते! त्या भामट्याने असे किती जणांचे घेतले असतील, प्रत्येकाला चौकीतून असंच परत पाठवायचं म्हणजे त्याचा धंदा सरकारी खर्चानेच चाललाय की. आमच्या चाळीतला एक वकील मुलगा म्हणाला, हद्द नाही हे उत्तर चालतच नाही, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये गुन्हा कुठेही घडलेला असो तक्रार घ्यावी लागते, आणि जुन्या आयपीसीचं ४२० गेलं, आता फसवणुकीला बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम ३१८. मी ते कागदावर लिहून नेलं. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली, मला परत दिला आणि म्हणाले, अर्ज ठेवून जा. अर्ज ठेवलाय. एफआयआर नाही.

कुणी लेथला लाइट घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दिवा पेटवून त्याच्याखाली स्टीलची पट्टी हातात धरून जोरात हलवा, पट्टीच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर दिवा तिथेच ठेवा. मोबाइलमध्ये पट्टे दिसले तर दिवा वाईट, पण नाही दिसले म्हणजे चांगलाच असं नाही, काही मोबाइल पट्टे दाबून टाकतात, म्हणून स्लो-मोशनमध्ये बघा. खोक्यावरचा आर-नंबर (बीआयएसचा रजिस्ट्रेशन नंबर) सरकारी बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका, माझ्या खोक्यावरचा भलत्याच मालाचा निघाला. क्यूआरवर नाव वेगळं आलं की पैसे नाहीत. मॅग्नेट बेस दिसायला भारी, पण लोखंडाची बर, म्हणजे कातताना निघणारा चुरा, सगळी त्यालाच चिकटते, बोल्टचाच घ्या. आणि पैसे गेलेच तर चौकीत जायच्या आधी लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी घरच्यांच्या धाकाने दोन दिवस गप्प बसलो, तेवढ्यात खात्यातून पैसे पुढे सरकले असणार.

माझं म्हणाल तर लॅमिंग्टन रोडवरून २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणला, पितळी बर आत जाऊ नये म्हणून बंद डब्यात बसवला, त्यावर डीसीचा एलईडी, पुढे काच, आणि डाव्या बाजूने वरून जॉबवर उजेड. खर्च १,१८० रुपये. चक आता १५०० ला फिरताना फिरताच दिसतो.

भाच्याने परवा दाखवलं, तीच निळी ताडपत्री, तोच आवाज, नंबर नवीन. आता एअर कॉम्प्रेसर विकतोय. चाकणची कंपनी बंद पडलीय म्हणे, शेवटचे तीन पीस उरलेत.