स्मूदनिंगनंतर तुटणारे केस आणि शिकेकाई-खोबरेलाचे नऊ महिने

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस मी धुऊन पांढऱ्या कागदावर पसरले. तोपर्यंत सगळ्यांना सांगत होते की माझे केस गळतात. कागदावर बघितलं तर बहुतेक केस चार-पाच बोटं लांबीचे, आणि मुळाशी असते ती बारीक पांढरी गाठ अगदी थोड्यांना. म्हणजे केस गळत नव्हते, मधूनच तुटत होते. त्याआधीच्या तीन महिन्यांत कांद्याचा रस लावून झाला होता, बायोटिनच्या गोळ्या झाल्या होत्या, सगळे उपाय मुळांसाठीचे. दुखणं मुळाशी नव्हतंच. तुमचेही केस जात असतील तर आधी हे बघा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

झालं असं होतं की आदल्या वर्षी गणपतीच्या आधी मी स्मूदनिंग, म्हणजे रसायनं लावून केस सरळ आणि गुळगुळीत करणं, पार्लरमध्ये करून घेतलं. त्याआधी वर्षभर केसांना रंग होता, हे पार्लरमध्ये कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दिवाळीपर्यंत केस सुंदर होते. मग कानाच्या रेषेत तुटायला लागले, टोकांना फाटे फुटले, वेणीतून आखूड केस चहूबाजूंनी बाहेर यायला लागले. पुन्हा तिथे गेले तर उपाय काय सांगितला, परत एकदा तेच करा! मी करणारही होते. आईने हात धरून थांबवलं.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक निघालं. डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य मला फार उपयोगी पडलं: केस डोक्याबाहेर आला की तो निर्जीव असतो, जखम भरते तसा तो भरून येत नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर नवा केस येतो, तो जपायचा आणि खराब झालेला हळूहळू कापत जायचा. ‘डॅमेज रिपेअर’ लिहिलेल्या ज्या बाटल्या मी विकत घेतल्या होत्या, त्या फार तर खरखरीत केसावर गुळगुळीत थर देतात, पुढच्या एक-दोन धुण्यांपर्यंत. तेही वाईट नाही, पण ती दुरुस्ती नव्हे.

आता जे केलं ते सांगते. पहिलं खोबरेल, आणि ते न्हाण्याच्या आधी. केस भिजला की पाणी पिऊन फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि दर वेळी थोडा झिजतो. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं म्हणून पाणी कमी शिरतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल यांची तुलना केली होती, त्यात धुताना केसातलं प्रथिन जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा आहे हे लक्षात ठेवूनच मी तो वाचला, पण माझ्या केसांनी तरी त्याला दुजोरा दिला. रात्री दोन चमचे तेल, मधल्या लांबीपासून टोकांपर्यंत, सैल वेणी, सकाळी न्हाणं. टाळूवर मात्र फार थोडं, कारण मला कोंडा होतो आणि तेलाने तो वाढतो. सुरुवातीला लाकडी घाण्याचं तेल आणलं, भाव चढल्यावर साध्या पॅकबंद खोबरेलावर आले. मला काडीचाही फरक जाणवला नाही.

दुसरी शिकेकाई. इथे मी पहिला महिना वाया घालवला. तयार पावडर पाण्यात कालवून डोक्यावर थापली की तिचे कण केसांत अडकतात, चोळताना खरखर होते, आणि आधीच तुटणारा केस आणखी तुटतो. आजी कधी पावडर लावत नसे, ती उकळून गाळून घ्यायची. म्हणून मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून अख्ख्या शेंगा आणल्या. माझं प्रमाण असं बसलं: दहा शेंगा, तीन रिठे, मूठभर वाळलेला आवळा. रिठ्यातली काळी बी काढून टाकायची. सगळं रात्री स्टीलच्या पातेल्यात भिजत घालायचं, लोखंडाच्या कढईत नको, आवळ्यामुळे पाणी काळं होतं. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं. समोरून हलायचं नाही, रिठ्याचा फेस दुधासारखा भसकन उतू जातो आणि बर्नर चिकट होऊन बसतो. गार झाल्यावर हाताने कुस्करून जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळायचं. उरतं ते तपकिरी, किंचित बुळबुळीत पाणी. आंबूस वास येतो, पण केस वाळले की राहत नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, चौथ्या दिवशी आंबतं.

याला शाम्पूसारखा फेस येत नाही, त्यामुळे पहिले काही आठवडे केस धुतले असं वाटतच नाही. फेसासाठी मी रिठे सहा केले, तर केस कोरडेठाक झाले. तीनच ठेवा. आणि डोळे घट्ट मिटून घ्या, रिठा डोळ्यात गेला तर अर्धा तास डोळा उघडत नाही.

आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी येतं, बादलीच्या कडेला पांढरे डाग पडतात असं जड. या पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. शिकेकाईच्या नावाने मिळणारी वडीसुद्धा शेवटी साबणच, तीही मी बंद केली. शेंगांच्या पाण्याचा तसा थर बसत नाही. पण भरपूर तेल एकट्या शिकेकाईने निघत नाही, हेही खरं. म्हणून आठवड्यातून एकदा शिकेकाई आणि एकदा सौम्य शाम्पू, त्यावर कंडिशनर, असं ठरवलं आहे. कंडिशनर सोडायचा हट्ट मी दोन महिने केला, तेवढ्यात गुंता सोडवताना पुन्हा तुटातुट झाली. घरगुतीच्या नादात तो सोडू नका.

जवसाचं जेल लावून बघितलं, बटा छान बसतात, पण ते गाळणं म्हणजे कसरत. अंड्याने काही झालं नाही. लिंबू टाळूला झोंबलं, परत लावणार नाही.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर विंचरण्याने, आणि त्याला पैसे लागले नाहीत. ओला केस ताणला की पटकन तुटतो. मी वर्षानुवर्षं टॉवेलने खसाखसा पुसून, ओल्या केसांत वरून खाली बारीक कंगवा ओढत ऑफिसला पळत होते. आता जुन्या सुती ओढणीत केस दहा मिनिटं गुंडाळते, अर्धवट वाळू देते, रुंद दातांच्या फणीने आधी टोकांचा गुंता काढते, मग हळूहळू वर जाते. केस जमिनीवर पडणं तिसऱ्या आठवड्यापासून उघड कमी झालं. तेलाचा आणि शिकेकाईचा परिणाम दिसायला मात्र चार महिने गेले.

आता नोव्हेंबर. भांगापासून साधारण नऊ सेंटिमीटर केस नवे आहेत आणि बोटांत धरले की समजतं, जुना केस चुरचुरतो, नवा सरकतो. दर दोन महिन्यांनी दोन-तीन बोटं कापते. कमरेपर्यंतचे केस खांद्याखाली आले, पहिल्यांदा कापताना डोळ्यांत पाणी आलं होतं. स्मूदनिंगचा तुकडा अजून बराच बाकी आहे, पूर्ण जायला आणखी वर्ष तरी लागेल. ज्यांच्या कागदावर मुळासकट केस दिसतील, किंवा भांग रुंदावत चालला असेल, त्यांनी यातलं काही करत बसण्याआधी तपासण्या करून घ्या.

परवा आईने वेणी घातली. उन्हाळ्यात शेवटाला रबर चार वेढे बसायचा. परवा तीन बसला, चौथा ओढूनही जाईना.