गरोदरपणात पार्लर: तिथे जावं की घरी बोलवावं?

डोहाळजेवणाची तारीख ठरली, साडी ठरली, की पुढचा प्रश्न पार्लरचा. नेहमीच्या ठिकाणी जायचं की कोणाला तरी घरी बोलवायचं? माझं दोन्ही करून झालंय, त्यामुळे मत तयार आहे; पण प्रत्येकीचं पोट वेगळं, घर वेगळं, तेव्हा ते मत तेवढ्यापुरतंच धरा. काय टाळायचं हे बहुतेकींना डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. रेटिनॉल नको, केमिकल पील नको, सॉना नको, केसांचा रंग पहिले बारा आठवडे तरी नको. ती उजळणी इथे करत नाही. जे चालतं ते कुठे करून घ्यावं, एवढाच मुद्दा.

पार्लरच्या बाजूने बोलायचं तर हेअरकट तिथेच करावा. वरखाली होणारी खुर्ची, समोर मोठा आरसा, डोक्यावर नीट उजेड. घरी डायनिंगच्या खुर्चीत बसून, खाली पेपर पसरून केस कापून घेतले, तर पुढचे आठ दिवस ते सोफ्याच्या सांदीतून निघत राहतात. शिवाय घरातून बाहेर पडून तासभर कोणीतरी आपले लाड करणार, ही गोष्ट त्या महिन्यांत किती मोठी असते हे वेगळं सांगायला नको.

आयब्रो, अप्पर लिपला कुठेही फारसा फरक पडत नाही. धाग्याचं टोक दातात धरण्याऐवजी मानेला अडकवायला सांगायचं, एवढं मी दोन्हीकडे न लाजता सांगायचे. एकदा ते पाहिलं की विसरता येत नाही: दातातला तोच धागा ओला होऊन आपल्या ओठांवरून फिरत असतो.

वॅक्सपासून मात्र पारडं हलायला लागतं. या काळात त्वचेखालचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे पट्टी ओढली की नेहमीपेक्षा जास्त झोंबतं आणि पुरळही लवकर येतं. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्या भागावर वॅक्स नकोच, सरळ ट्रिमर फिरवावा. पण खरी अडचण पलंगाची. पार्लरचा वॅक्सिंगचा पलंग अरुंद, आणि त्यावर उताणं झोपवतात. पाच-सहा महिन्यांनंतर तसं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. कोणाला गरगरतं, कोणाला घाम फुटतो. घरी मी डाव्या कुशीवर, पाठीशी लोड घेऊन एक पाय करून घेतला, बाथरूमला जाऊन आले, चार दाणे चिवडा खाल्ला आणि मग दुसरा पाय. पार्लरमध्ये पुढची बाई बाहेर बसलेली असताना एवढी चैन कोण करू देणार?

फेशियलचंही तसंच. पार्लरमध्ये क्रीम वाटीत काढून आणतात, आणि वाटीवर काही लिहिलेलं नसतं. गरोदरपणात चेहऱ्यावर वांग आले की 'ताई, डी-टॅन करूया का?' हा प्रश्न ठरलेला. उजळ करणाऱ्या काही क्रीममध्ये हायड्रोक्विनोन असतं आणि त्यातलं 35 ते 45 टक्के त्वचेतून शरीरात जातं, म्हणून डॉक्टर ते या काळात नको म्हणतात. घरी येणारी मुलगी आपली पिशवी आपल्यासमोर उघडते. चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात, पटलं नाही तर आपल्याच फ्रिजमधलं दही-बेसन पुढे करता येतं. वांग बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे आपोआप फिके होतात, तेव्हा घाई नसावी.

आता ज्या गोष्टीने माझं ठरवलं ती सांगते. पार्लरमध्ये तुम्ही काय करून घेता ते तुमच्या हातात असतं. शेजारच्या खुर्चीत काय चाललंय ते नसतं. मी साधा क्लीनअप करून घेत होते आणि दोन हातांवर एका मुलीचं केराटिन, म्हणजे केस सरळ-गुळगुळीत करण्याचं काम, चालू होतं. केसांना औषध लावून त्यावरून तापलेली इस्त्री फिरवली की पांढरा धूर उठतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. एसीमुळे काचेचं दार बंद, खिडकी नाहीच. या औषधांपैकी बऱ्याच प्रकारांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलंय. डब्यावर 'फॉर्मल्डिहाइड-फ्री' लिहिलेलं असतं, पण मेथिलीन ग्लायकॉल असेल तर इस्त्रीच्या उष्णतेने त्यातूनही तोच वायू निघतो. एका दिवसाच्या धुराने बाळाला काही होतं असं मी म्हणत नाही. माझ्या डॉक्टरही घाबरल्या नाहीत, 'उठून बाहेर जायचं' एवढंच म्हणाल्या. पण चेहऱ्यावर अर्धा पॅक थापलेला असताना, सातव्या महिन्यात, उठून जायचं कुठे? जिन्यात? दार उघडा म्हटलं तर 'ताई, एसी लावलाय' असं उत्तर आलं. पुन्हा त्या बंद खोलीत अशा कामाला बसायचं नाही, हे माझं तिथेच ठरलं.

मग पांढऱ्या केसांसाठी मी मुलीला घरीच बोलावलं. 'मेंदीच लाव, ती नैसर्गिक' हा सासूबाईंचा आग्रह होता. हिरव्या मेंदीबद्दल त्यांचं बरोबर होतं. पण बाजारात काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुतेकदा पीपीडी नावाचं ॲलर्जी आणू शकणारं रसायन असतं, तेच जे कायमच्या रंगात असतं. गरोदरपणात त्वचा कधी कशी बिथरेल ते सांगता येत नाही, म्हणून पॅच टेस्ट, म्हणजे आधी रंगाचा एक ठिपका लावून बघणं, आणि पुढचे 48 तास वाट पाहणं आलंच. एका ठिपक्यासाठी पार्लरला दोनदा कोण जातं? ही मुलगी आमच्याच गल्लीतली, शाळेतून पोराला आणायला निघालेली असताना कानामागे रंगाचा ठिपका लावून गेली. दोन दिवसांनी बाल्कनीत बसून, हातमोजे घालून, मुळांना जेवढा कमीत कमी टेकेल तेवढा रंग लावला. हायलाइट्स केले असते तर टाळूला लागलाच नसता, पण डोहाळजेवणाच्या फोटोत सोनेरी बटा मला झेपल्या नसत्या.

घरचेही ताप आहेत. केस धुताना मोरीत वाकावं लागतं आणि कंबर बोलते. मी स्टुलावर बसून मग्गा तिच्या हातात दिला. एकटीच्या कामासाठी ती येईनाशी होते, तेव्हा ठरावीक रकमेचं काम द्यावं लागतं. आणि ती आलीय हे कळलं की मजल्यावरच्या तिघी-चौघी 'माझे फक्त आयब्रो' म्हणत हजर. पोहे मात्र आपण करायचे.

तरी पार्लरलाच जायचं असेल, तर रविवार आणि लग्नसराईतल्या संध्याकाळी सोडा. सकाळी दुकान उघडतं तेव्हाची वेळ घ्या, दाराजवळची खुर्ची मागा आणि फोनवरच विचारा, 'त्या वेळेला कोणाचं स्मूदनिंग किंवा केराटिन आहे का?' हो म्हणाले तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. केस कापायला मी नवव्या महिन्यापर्यंत अशीच जात होते, बाकी सगळं घरी.