खरवडण्याचे पैसे घेतले, टेक्स्चर मात्र लांबीखाली (पुट्टीखाली) तसंच

जुन्या घराच्या दाणेदार भिंती आणि खडबडीत छत काढून सगळं सपाट करून घ्यायचं असेल, तर काम देण्याआधी हे वाचा. आमच्याकडून एका ठेकेदाराने अख्ख्या घराचं टेक्स्चर, म्हणजे भिंती-छतावरचा हा दाणेदार थर, खरवडण्याचे पैसे घेतले आणि भिंती खरवडल्या जेमतेम डोक्याच्या उंचीपर्यंत, तेही एका खोलीत, छत तर थोडंसंच. त्याची रीत इतकी सराईत होती की आमचं घर पहिलं नसणार आणि शेवटचंही नसणार. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिल्याच भेटीत त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. अडगळीच्या खोलीत छताच्या कोपऱ्यावर पंपाने पाणी मारलं, दहा-पंधरा मिनिटं थांबला आणि रुंद पत्ती फिरवली. ओला लगदा होऊन टेक्स्चर भसाभसा खाली आलं. "ताई, अख्खं घर असंच निघेल. एक दाणा राहिला तर पैसे देऊ नका," असं म्हणाला. प्रात्यक्षिक खरं होतं, लबाडी होती ती जागेच्या निवडीत. त्या खोलीत टेक्स्चरवर कधी रंगच लागला नव्हता. रंग न लागलेलं टेक्स्चर बहुधा पाणी पितं, मऊ पडतं आणि सहज सुटतं. तेच वर ऑइल पेंटचे दोन-तीन थर चढले की पाणी आत शिरत नाही. मग वाफेचं यंत्र लागतं किंवा थर मऊ करणारी जेल लावून तासन्‌तास थांबावं लागतं, आणि मजुरी कितीतरी वाढते. आमच्या बाकीच्या सगळ्या खोल्यांना ऑइल पेंट होता. भिंतीवरून नुसता हात फिरवला तरी रंगाऱ्याला हे कळतं. त्यालाही कळलं होतं, म्हणून तर तो थेट अडगळीच्या खोलीत शिरला.

कोटेशनमध्ये त्याने लिहिलं, "भिंती व छत गुळगुळीत करून देणे." त्यात 'खरवडून' हा शब्द घाला म्हटलं, तर "अहो, त्याचाच तो अर्थ," म्हणून हसला. पुढे भांडण झालं तेव्हा याच ओळीवर बोट ठेवून तो उभा राहिला.

टेक्स्चर झाकणं ही मुळात वाईट पद्धत नाही. कित्येकदा तीच शहाणपणाची असते. पण तिलाही कष्ट लागतात: आधी उंच टोकं छाटायची, तेलकटपणा धुऊन काढायचा, चकचकीत रंगाची चमक मारायची, धरून ठेवणारा बाँडिंगचा प्रायमर लावायचा, मग पातळ हाताने दोन-तीन वेळा लांबी भरायची आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. आमच्याकडे यातलं जवळजवळ काहीच झालं नाही. टोकं तेवढी छाटली आणि चमकत्या ऑइल पेंटवर थेट लांबी ओढली. प्रायमरचे रिकामे डबे मात्र रोज संध्याकाळी दारापाशी ओळीने मांडून ठेवायचा, आम्ही मोजावेत म्हणून. त्या डब्यांच्या कडांना गंज धरला होता आणि आतला थर वाळून तडकलेला होता. ते कुठल्या तरी जुन्या कामावरचे डबे होते.

छताच्या बाबतीत त्याने जे केलं ते मला जास्त गंभीर वाटतं. जुन्या घरांतल्या टेक्स्चरमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे बांधकामात वापरलं जाणारं तंतुमय खनिज, असू शकतं. अमेरिकेत अशा फवारलेल्या सजावटी थरांत ते वापरायला १९७८ मध्ये बंदी आली, ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं. म्हणजे जुन्या छताकडे संशयानेच पाहायला हवं. ते आहे की नाही, हे नुसत्या नजरेने कुणालाच सांगता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. कोरडं खरवडलं किंवा पॉलिश पेपरने घासलं की त्याचे तंतू हवेत जातात, आणि त्यातून होणारे फुप्फुसाचे आजार व कर्करोग कित्येक वर्षांनी, दशकांनी वर येतात. हे सगळं आम्ही त्याला आधीच सांगितलं होतं, तपासणीचे पैसेही वेगळे दिले होते. त्याने आणून दाखवलेल्या अहवालात 'आढळले नाही' असा शिक्का होता. नंतर तोच कागद बारकाईने पाहिला, तर नमुन्याच्या रकान्यात 'फरशी' लिहिलेलं. आमच्या छताचा नमुना कुठे गेलाच नव्हता. आणि त्या कागदाच्या भरवशावर त्याची दोन तरुण पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून कोरडं छत खरवडत होती. आमच्या पैशांइतकाच मला त्या पोरांचा विचार येतो. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढे आम्ही स्वतः नमुना पाठवला, त्यात ॲस्बेस्टॉस निघालं नाही. पण हे आमचं नशीब, त्याची काळजी नव्हे.

थोडं खरवडून झाल्यावर "छत निघत नाही, जिप्सम बोर्ड मारू" असं ठरवून त्याने वाढीव रक्कम घेतली. बोर्ड मारले ते ओलीच्या डागावरच. गळती कुठून आहे हे बघायची तसदी घेतली नाही. स्क्रू आतल्या लाकडी वाशांत घट्ट बसायला हवे होते. अर्धे नुसतेच जुन्या प्लास्टरमध्ये घुसवलेले होते.

पहिला मोठा पाऊस झाला आणि बैठकीच्या भिंतीवर फुगे दिसू लागले. एका फुग्याच्या कडेला नख लावलं, तर परातीएवढा पोपडा अलगद हातात आला. त्याची मागची बाजू चकचकीत होती आणि तिच्यावर जुन्या टेक्स्चरचा प्रत्येक दाणा उलटा उमटला होता, साच्यातून काढल्यासारखा. भिंतीवर निळा ऑइल पेंट जसाच्या तसा चमकत होता, छाटलेली टोकं सोडली तर कुठे एक ओरखडाही नव्हता. ना घासाई, ना प्रायमर, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही. तो पोपडा मी अजून जपून ठेवला आहे, फोटोही काढले आहेत.

ठेकेदार आधी म्हणाला, "ओल तुमच्या घराची आहे, कामाची नाही." मग म्हणाला, गुळगुळीत करून दिलं होतं, ते तुम्ही पाहून पैसे दिले. मग फोन उचलणं बंद. पैसे परत मिळालेले नाहीत. लेखी तक्रार केली आहे.

दुसऱ्या, वयस्क रंगाऱ्याने घर पाहिलं तेव्हा तो आधी बोटांच्या मागच्या बाजूने भिंती वाजवत फिरला. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण. जवळजवळ सगळी भिंत खुणांनी भरली. त्याने सांगितलेल्या गोष्टी आता आम्ही पाळतो, तुम्हीही पाळा. प्रात्यक्षिकाची जागा तुम्ही दाखवा, आणि ती प्रत्येक खोलीत वेगळी घ्या, सर्वांत जास्त रंग चढलेली. जागा बदलायला तो कां-कूं करत असेल तर त्याला उचल देऊ नका. कागदावर 'खरवडणे' आणि 'झाकणे' वेगवेगळं लिहून घ्या, कुठल्या खोलीत काय तेही. खरवडून झाल्यावर, लांबी लावायच्या आधी, स्वतः पाहून फोटो काढा आणि तेव्हाच त्या टप्प्याचे पैसे द्या. प्रायमरचा डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. छताचा नमुना ठेकेदाराच्या हाती न देता प्रयोगशाळेला विचारून, त्यांच्या सूचनेप्रमाणे पाठवा. घर फार जुनं असेल तर रंगात शिसं आहे का हेही तपासून घ्या. शिशाची धूळ लहान मुलांना फार बाधते. आणि ओल असेल तर आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या, मगच टेक्स्चरला हात लावा.

आतल्या खोलीचं छत आम्ही आता तसंच ठेवलं आहे. तिथलं टेक्स्चर घट्ट आहे, कुठे सुटत नाही, ओल नाही. त्या रंगाऱ्याने स्वतःहून सांगितलं, "याला हात लावू नका, नुसता रंग मारून देतो." मिळत असलेलं काम त्याने सोडलं, म्हणून बाकीच्या घराचं काम त्यालाच दिलं.