शाळेचं हजेरी-प्रगती ॲप: आठ महिने वापरल्यानंतर

मी एसटीत कंडक्टर आहे, तासगाव आगारात. आठवड्यातून दोनदा तरी पुण्याची मुक्कामी ड्यूटी लागते. ह्यांची द्राक्षबाग आहे. मुलगा सातवीत, तीन किलोमीटरवरच्या हायस्कूलला सायकलने जातो. घरी त्याच्याकडे बघायला माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. जूनमध्ये शाळेने पालकांसाठी ॲप सुरू केलं. हजेरी, गृहपाठ, चाचण्यांच्या श्रेणी आणि सूचना, सगळं त्यात येणार म्हणून सांगितलं. आमच्यासारख्या घराला याची किती गरज असते ते मला माहीत आहे, म्हणून मी ते मनापासून वापरलं. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत जे दिसलं ते लिहिते.

आधीच्या व्यवस्थेपेक्षा हे नक्की बरं. पूर्वी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर रोज 'आजचे गैरहजर' अशी नावांची यादी पडायची. चाचणीचे गुणही तिथेच. साठ घरांनी एकमेकांच्या पोरांचे गुण वाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना वर्गात ते ऐकावं लागायचं. ॲपवर माझ्या मुलाचं मलाच दिसतं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी परत ग्रुपवर जायला तयार नाही.

सुरुवात मात्र अडखळत झाली. प्रवेशाच्या फॉर्मवर ह्यांचा नंबर होता, त्यामुळे सगळे संदेश ह्यांच्या फोनवर. बागेत औषध मारताना फोन घरी खुंटीला लावलेल्या शर्टात असतो. जुलैत दोन दिवस मुलगा तापाने झोपून होता आणि आम्ही शाळेला कळवायचं विसरलो. शाळेने ॲपवर दोन्ही दिवस विचारलं होतं, ते आम्ही रविवारी वाचलं. नंबर बदलायला अर्ज, मग आठवणीचा फोन, मग परत अर्ज, असे तीन आठवडे गेले. तेव्हा कळलं की दोन नंबर टाकायची सोय पहिल्या दिवसापासून होती, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता पहिला माझा आणि दुसरा आत्याबाईंचा आहे. आत्याबाईंचा फोन साधा बटणांचा, त्यावर एसएमएस येतो. त्यांना छापलेलं वाचता येतं. 'पाल्य अनुपस्थित चिन्हांकित' हे मात्र त्यांनी दोनदा वाचलं आणि मला फोन करून विचारलं, "पोराला काय झालंय गं?" तुमचा मुलगा आज शाळेत आला नाही, असं सरळ लिहिलं तर काय बिघडतं?

चुकीचा संदेशही एकदा आला. ऑगस्टमधली गोष्ट. गाडी कराडच्या पुढे होती, फोन वाजला, मुलगा गैरहजर. सकाळी तो सायकलवरून गेलेला मी डोळ्यांनी बघितला होता. पावसाचे दिवस, रस्त्याला ऊस वाहणारे ट्रॅक्टर नसले तरी खड्डे होतेच. गाडीत पंचावन्न माणसं, तिकिटं फाडायची बाकी, आणि शाळेचा फोन लागेना. साताऱ्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत माझे हात गार पडले होते. तो खो-खोच्या सामन्याला शाळेच्याच गाडीने गेला होता, पण 'शाळेच्या कामासाठी बाहेर' असा पर्यायच ॲपमध्ये नव्हता. सरांनी माफी मागितली. चूक सरांची नव्हती. तो पर्याय अजून आलेला नाही. आता सर अशा दिवशी सामन्याला गेलेल्यांना हजर मांडतात आणि सूचनेत वेगळं लिहितात.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

दिवाळीच्या आधी प्रथम सत्राच्या श्रेणी ॲपवर आल्या. मराठी अ२, विज्ञान ब१, गणित क२. सहावीत गणितात ब१ होता. हजेरीच्या पानावर ब्याण्णव टक्के, हिरव्या रंगात. ते बघून ह्यांनी म्हटलं, शाळेत तर रोज जातोय, मग गणितच अवघड झालं असणार, शिकवणी लावू. मलाही तसंच वाटलं. पण टक्क्यांच्या खाली दिवसवार तक्ता होता, तो मी मुक्कामाला स्वारगेटला असताना एका रात्री उघडून बघितला. शाळेत हजेरी दोनदा घेतात, सकाळी आणि मधल्या सुट्टीनंतर. ॲपचा टक्का सकाळच्या हजेरीवर निघतो. दुपारची हजेरी बारीक ठिपक्यांत दाखवतात आणि दुपारी गैरहजर असेल तर संदेशच जात नाही. सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत नऊ ठिपके लाल होते.

आम्हा कंडक्टरांना वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळवायची सवय असते. टप्प्याटप्प्याला किती तिकिटं गेली, किती माणसं उतरली, हे जुळल्याशिवाय झोप लागत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर त्या नऊ दुपारी लिहिल्या आणि शेजारी त्याचं वेळापत्रक. नऊपैकी आठ दुपारी मंगळवार नाहीतर शुक्रवारच्या. त्या दोन दिवशी मधल्या सुट्टीनंतर पहिला तास गणिताचा. बाकीच्या दिवशी गणित सकाळी असतं.

पोटात दुखतंय सांगून तो घरी यायचा. आत्याबाई ओवा द्यायच्या, तो झोपायचा. वर्गशिक्षकांना वाटायचं, आजारी आहे. गणिताच्या सरांना वाटायचं, आहे थोडा कच्चा. प्रत्येकाकडे आपापला तुकडा होता. ॲपमध्ये मात्र दोन्ही तुकडे होते, एक हजेरीच्या पानावर, दुसरा प्रगतीच्या, आणि ती पानं एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या मते या ॲपची सगळ्यात मोठी उणीव हीच. जे मला वहीत दहा मिनिटांत दिसलं, ते ॲपला महिनाभर आधी दाखवता आलं असतं.

मी रागावले नाही. त्याला विचारलं तर तो रडला. फळ्यावर बोलावतात, चुकतं, पोरं हसतात, एवढंच सांगितलं. मग सुट्टी टाकून सरांना भेटले. सरांनी मूल्यमापनाची नोंदवही काढली. राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आलं. तेव्हापासून शिक्षकांना श्रेणीबरोबर प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंदही ठेवावी लागते. सातवीला आकारिक, म्हणजे वर्ग चालू असताना होणारं मूल्यमापन, ४० आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं, ६० असा भार असतो. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं बरंच येतं. माझ्या मुलाच्या नावापुढे सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: तोंडी हिशोब अचूक करतो. लिहिताना दशांश चिन्हानंतरचं शून्य सोडतो. ४ रुपये ५ पैसे ४.५ लिहितो.

त्या क२ ने मला काही सांगितलं नव्हतं. या तीन वाक्यांनी सगळं सांगितलं. म्हणजे पोरगं गणितात कच्चं नाही, एका शून्यापाशी अडकलंय. आणि हे मी शिकवू शकत होते! आगारात भरणा करताना एक शून्य इकडचं तिकडं झालं तर फरक माझ्या खिशातून जातो. त्याला घेऊन बसले. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. मग आपली शाळा किती टप्प्यांवर? अर्धा. लिही, ०.५. दीड टप्पा? १.५, नऊ किलोमीटर. आणि ४ रुपये ५ पैसे? तिथे तो थांबला, मग शून्य घातलं. मग ४ रुपये ५० पैशांचं विचारलं आणि दोन्ही एकाखाली एक लिहायला लावले. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यावरून टक्केवारीही झाली. सरांनी त्याला महिनाभर फळ्यावर बोलावलं नाही, जागेवर जाऊन वही बघितली.

डिसेंबरपासून लाल ठिपका एकच, तोही खरा तापाचा.

पालक सभेत मी तीन गोष्टी मांडल्या. दुपारच्या गैरहजेरीचाही संदेश यावा. प्रवेशाच्या दिवशीच दुसरा नंबर विचारावा. आणि श्रेणीबरोबर सरांची नोंद दिसावी. शिक्षकांचं म्हणणंही मला पटलं. हजेरी कागदावर मांडायची, ॲपवर टाकायची, शिवाय सरकारी पोर्टलवर माहिती भरायची. आता नोंदीही टाइप करायच्या तर शिकवायचं कधी? त्यातून असं ठरलं की नोंदवहीच्या पानाचा फोटो त्या-त्या मुलाच्या खात्यात चढवायचा. सत्रातून दोनदा. जानेवारीत पहिला फोटो आला.

एका प्रश्नाला उत्तर सापडलं नाही. वर्गातल्या एका मुलाचे आईवडील जत तालुक्यातले, ऊसतोडीला टोळीबरोबर गेलेत. पोरगा आजीकडे राहतो. संदेश वडिलांच्या फोनवर जातो, ते फडात असतात, कुठल्या कारखान्याच्या ते आजीलाही नीट माहीत नसतं. आजीकडे फोन नाही. वर्गशिक्षक शेजारच्या दुकानात फोन करतात, दुकानदार जाऊन निरोप सांगतो. ॲपपेक्षा तो दुकानदार जास्त उपयोगी पडतो, आणि त्याचा नंबर ॲपमध्ये घालायला जागा हवी.

बाकीचं थोडक्यात. गृहपाठाचं पान आमच्याकडे फारसं कुणी भरत नाही. सुट्टीच्या सूचना उशिरा येतात. पावसाळ्यात सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की आगारात सगळ्यांना कळतं. शाळेची सूचना एकदा सकाळी साडेनऊला आली, तोवर निम्मी पोरं रस्त्याला लागली होती. रेंज नसली की ॲप उघडत नाही, एसएमएस मात्र पोचतो, म्हणून तो बंद करू नका. फोन जुना असेल तर दर अपडेटनंतर परत पासवर्ड मागतं.

पाचपैकी साडेतीन देईन. दुपारचा संदेश सुरू झाला की चार. पुढच्या वर्षी मुलगा आठवीत जाईल, तिथे वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते आणि नापास झाला तर पुनर्परीक्षा, त्यामुळे दुपारचे ठिपके मी आतापासूनच दर रविवारी वहीत उतरवून घेते. काल त्याने स्वतःच वही पुढे केली आणि म्हणाला, "आई, या आठवड्यात काही नाही लिहायला."