फ्रेंच प्रेसची बदली काच: बसली झकास, पण चोचीने वैताग आणला

फ्रेंच प्रेस म्हणजे कॉफी पाण्यात भिजवून, दांड्याला लावलेल्या जाळीने चोथा खाली दाबायचं काचेचं भांडं. त्यातला दांडा, जाळी, झाकण, स्टीलची फ्रेम, यातलं काहीही लवकर मरत नाही. मरते ती काच. माझी ना पडली, ना कुठे आपटली. उकळतं पाणी ओतलं, टक्‌ असा आवाज आला आणि तळाशी गोल तडा. आतून जाळीच्या स्प्रिंगने पडलेले बारीक ओरखडे असले की बोरोसिलिकेट काचसुद्धा अशी अचानक दगा देते. ही काच साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते म्हणून गरम पाणी झेलते, पण ओरखड्यापाशी ताण एकवटला की तिचाही नाइलाज होतो.

कंपनीने तोंडाला पानं पुसली. ‘मॉडेल बंद झालंय, नवीन प्रेस घ्या.’ म्हणजे धडधाकट स्टील भंगारात घालायचं? ते मला शक्यच नव्हतं. शेवटी दुसरीकडून ‘८ कप, सर्व प्रेसना चालते’ असं छापलेली काच मागवली.

त्या ‘कपां’वर अजिबात जाऊ नका. ८ कप म्हणजे १ लिटर, ३ कप म्हणजे ३५० मिली. एवढा चिमुकला कप कोण पितं देव जाणे. शिवाय लिटर तेवढाच असला तरी एक काच बुटकी-रुंद, दुसरी उंच-अरुंद निघू शकते. फ्रेमसाठी बाहेरचा व्यास, जाळीसाठी आतला व्यास आणि उंची, तिन्ही मिलिमीटरमध्ये बघा. फुटक्या काचेचा वरचा काठ शाबूत असेल तर फेकण्याआधी पट्टी लावून घ्या. काही मॉडेलमध्ये चोच काचेला नसतेच, फ्रेमला असते. त्यांना बिनचोचीची काच लागते.

सुरुवातीला दांडा इतका जड जायचा की परत पाठवायच्या विचारात होते. बरं झालं नाही पाठवली. स्प्रिंग हळूहळू काचेला सरावली आणि कपाच्या तळाशी बसणारा तो चिखल जवळपास गेला. जुन्या काचेत जाळीच्या कडेला फट राहत असणार, तिथूनच चोथा वर यायचा. म्हणजे बदली काच मूळ काचेपेक्षा सरस! हे लिहिताना मलाच नवल वाटतंय.

पण चोच. अरे देवा, ती चोच! जुन्या काचेची चोच पातळ, टोकदार, खाली वळलेली होती. हिची कड जाड आणि गोलसर आहे. सावकाश ओतलं की कॉफी कपात न जाता काठाला बिलगते, चोचीखालून वळते, काचेवरून ओघळते आणि स्टीलच्या फ्रेममध्ये शिरते. तिथे ती वाळून चिकट तपकिरी कडं तयार होतं, आणि ते काढायला दर वेळी काच फ्रेममधून उपसावी लागते. काच उपसणं म्हणजे ती फुटण्याला आमंत्रणच. कड तीक्ष्ण असती तर धार तिथेच तुटली असती, एवढं साधं गणित बनवणाऱ्याला कळू नये?

उपाय दोन सापडले. एक, घाबरत न ओतता जोरात ओतायचं. धार जोरात असली की चिकटत नाही. मात्र पहिला कप जमतो, तळाची कॉफी उरली की पुन्हा तेच रडगाणं. दुसरा, चोचीच्या खालच्या बाजूला तेलाचं बोट फिरवायचं. ओघळ खरंच थांबतो, पण भांडं घासलं की तेल गेलं.

काच टिकली आहे, कॉफी आधीपेक्षा स्वच्छ मिळते आणि खर्च नव्या प्रेसच्या मानाने बराच कमी आला. त्यामुळे पैसे वाया गेले म्हणवत नाही. फक्त तुम्ही घेताना विक्रेत्याकडून चोचीचा बाजूने काढलेला फोटो मागा. समोरून सगळ्या सारख्याच दिसतात.