बेळगावच्या पावसात ऑनलाइनची कडक फोमची गादी: आमच्या सव्वासहा बाय पाचच्या पलंगावर कशी निघाली

आधीच सांगून टाकतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण ह्या ऑनलाइनवाल्यांचं मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आतला माल कधी बदलतो ते आपल्याला कळत पण नाही, त्यामुळं मी नाव सांगून तुम्ही डोळे झाकून मागवण्यापेक्षा गादीच्या आत काय आहे ते बघायचं कसं हे कळलं तर कुठल्याही कंपनीची घ्या की.

मी उद्यमबागला मशीनवर काम करतो, शिफ्टभर उभं राहायचं, संध्याकाळी कंबर बोलायला लागते. घरात कापसाची गादी होती, मधे खड्डा आणि कडेला गाठी, सकाळी उठताना एक हात पलंगाला आणि एक हात कंबरेला. आईचं म्हणणं, "पिंजून घे की रे ती, नवीन कशाला? चांगला कापूस हाय त्यातला." आईचं अगदीच चूक नव्हतं, त्यावर खाली येतो. शेजारचे काका म्हणाले कर्लऑन घे. आमच्याकडं काथ्याच्या कुठल्याही गादीला कर्लऑनच म्हणायची पद्धत, कंपनी बेंगळूरची आणि 1962 पासूनची म्हटल्यावर होणारच तसं. (2023 पासून कर्लऑन आणि स्लीपवेल एकाच मालकाकडं आहेत, हे काकांना सांगितलं तर त्यांना पटलंच नाही.) काथ्याची गादी म्हणजे नारळाचा काथ्या रबराचं दूध मारून दाबलेला, कडक असते, हवा खेळते, पण जिथं रोज झोपता तिथं काही वर्षांनी ती दबते आणि दबली की परत वर येत नाही. म्हणून फोम बघायला लागलो.

आता खरी गंमत इथं सुरू होते. खडेबाजारपासून टिळकवाडीपर्यंत दुकानात जावा नाहीतर मोबाईलवर बघा, प्रत्येक गादीवर फर्म (म्हणजे कडक), ऑर्थो, ऑर्थोपेडिक, एक्स्ट्रा फर्म असं काहीतरी लिहिलेलं असतंच. एका कंपनीचं फर्म दुसऱ्या कंपनीच्या मिडियमपेक्षा मऊ. दुकानात बोटानं दाबून बघितलं की सगळ्याच चांगल्या वाटतात, आणि दुकानदार उभा असताना तुम्ही चप्पल काढून दोन मिनिटं तरी आडवं पडाल काय, लाजच वाटते. म्हणून शब्द सोडून आकडा बघायचा ठरवलं, आणि आकडा म्हणजे डेन्सिटी.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, बस, एवढंच. 32 डेन्सिटी म्हणजे घनमीटरला 32 किलो, 40 म्हणजे 40 किलो. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, इथं बरेच जण गंडतात. हलका फोमसुद्धा बनवतानाच कडक करता येतो, पहिल्या दिवशी तो हाताला एकदम टणक लागणार, पण आत माल कमी असल्यामुळं लवकर बसणार. भरीव फोम मऊ पण असू शकतो आणि कडक पण, फक्त तो जास्त दिवस आपल्या जागेवर राहतो. साइटवर डेन्सिटी लिहिलेली नसते बऱ्याच वेळा, किंवा लिहिली तरी वरच्या एका थराचीच लिहितात, पण पार्सलचं किंवा गादीचं वजन बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरात असतं. आमच्या कामात तर जॉबचं, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याचं, वजन काढणं रोजचं, तेच इथं लावलं. 75 बाय 60 इंच, जाडी 6 इंच, म्हणजे घनफळ साधारण 0.44 घनमीटर. पूर्ण गादी 32 ची असेल तर 14 किलो भरायला पाहिजे, 40 ची असेल तर साडेसतरा-अठरा, त्यात कव्हरचा किलो-दीड किलो वेगळा धरा. एका साइटवर ह्याच मापाची 'एक्स्ट्रा फर्म' गादी 11 किलोची होती. 11 म्हणजे कव्हरसकट हिशोब केला तरी 25 च्या आत. ती मी लगेच सोडून दिली, ऑफर कितीही असूदे.

पण नुसतं वजन जास्त म्हणजे माल चांगला असंपण नाही हां. रीबॉन्डेड म्हणून एक प्रकार असतो, फोमच्या कारखान्यातले उरलेले तुकडे बारीक करून चिकटवून दाबून त्याचा ठोकळा करतात, कापला की आत रंगीबेरंगी ठिपके दिसतात. त्याची डेन्सिटी 80-100 च्या घरात जाते. 6 इंचातले 4 इंच हे आणि वर 2 इंच साधा फोम असला तर ह्याच मापाची गादी 30 किलोच्या आसपास जाते, दोन माणसं लागतात उलटायला. स्वस्तातल्या बऱ्याच 'ऑर्थो' गाद्यांच्या पोटात हेच असतं. टिकतं ते, वाईट नाही, पण दगड आहे, ज्याला जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची सवय आहे त्यालाच जमेल.

मेमरी फोम मी बघितला आणि सोडला. 1966 साली नासासाठी विमानातल्या सीटला म्हणून निघाला, ते जाहिरातवाले सांगतातच, खोटं नाही ते. पण तो उष्णतेनं मऊ होतो आणि थंडीत घट्ट होतो, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे जी थंडी पडते त्यात पहिला अर्धा तास त्याला ऊब द्यायची, मग तो तुम्हाला जागा देणार. कंबरदुखीवाल्यानं हे कशाला करायचं?

मग शेवटी घेतली ती दोन बाजूंची. एका बाजूला 40 डेन्सिटीचा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबून सोडला की लगेच वर येणारा) फोम 3 इंच, तो कडक, दुसऱ्या बाजूला 32 चा जरा मऊ 3 इंच. वजन 17 किलो लिहिलं होतं, आल्यावर काट्यावर टाकलं, बरोबर भरलं. सेलमधे बारा हजाराच्या आतबाहेर पडली.

मापाचं एक सांगतो. आमचा पलंग वडिलांनी खानापूरकडच्या सुताराकडून सागवानात करून घेतलेला, सव्वासहा बाय पाच, म्हणजे 75 बाय 60. ऑनलाइनवर 72 बाय 60 आणि 78 बाय 60 ढिगानं मिळतात, 75 ला शोधावं लागतं पण मिळतं. पलंगाचं माप बाहेरून घेऊ नका, आतून घ्या, चौकटीला वर कड असते ना तिच्या आतून. आणि कुठल्या ठिकाणी 'क्वीन' 'किंग' असलं नाव बघून मागवू नका, एकाचं क्वीन 72 तर दुसऱ्याचं 78.

डिलिव्हरीला फोन आला, "सर, मनी एल्लि ऐति?" (घर कुठं आहे?) मी म्हटलं वडगाव, तर म्हणतो गल्लीत गाडी येत नाही, मेन रोडला या. गेलो. पार्सल बघून हसूच आलं, एवढी मोठी गादी आणि हा उभा गुंडाळलेला रोल, एकटा खांद्यावर घालून आणला. प्लास्टिक कापताना कात्री लांबून चालवा, ब्लेड अजिबात नको, आतलं कव्हर फाटलं तर वॉरंटीला आयतं कारण. उघडल्यावर पाच मिनिटांत फुगली, पण कोपरे लगेच येत नाहीत, एक-दोन दिवस लागतात, थंडी असेल तर अजून थोडे. वास येतो. रंगाच्या दुकानासारखा. खिडक्या उघड्या ठेवून फॅन लावला, चार-पाच दिवसांत गेला, आईनं तेवढे दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

झोपायला कशी आहे? मला भारी. मी पाठीवर झोपणारा, वजन ऐंशीच्या वर. पाठीवर पडून कंबरेखाली तळहात घालून बघायचा, हात सहज आरपार जाऊन वर पोकळी राहिली तर गादी तुम्हाला जास्त कडक, आणि हात घुसतच नसेल तर तुम्ही आत बुडताय. माझा हात जरा घासत जातो, म्हणजे बरोबर. सकाळी पलंगाला धरून उठणं बंद झालंय, शिफ्टनंतरचं दुखणं आहे तसंच आहे, ते गादीनं जाणार नाही, ते मला पण माहीत आहे.

पण मिसेसला नाही जमली. ती कुशीवर झोपते आणि वजन पन्नास-बावन्न. हलक्या माणसाला तीच गादी जास्त कडक लागते कारण फोम दबायला वजनच नाही, मग खांदा आणि खुबा वर राहतात आणि सगळा भार तिथंच. पहिल्या आठवड्यात तिचा खांदा धरला. आणि हे नुसतं आमच्या घरातलं नाही, 2003 साली लॅन्सेट म्हणून डॉक्टरांचं मोठं मासिक आहे त्यात स्पेनमधला अभ्यास आला होता, कंबरदुखीचे 313 लोक घेतले, काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक, 90 दिवसांनी बघितलं तर मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. म्हणजे आपल्यात जे म्हणतात ना, कंबर दुखते तर फळीवर झोप, ते सगळ्यांना लागू नाही. मी अजून पण कडक बाजूच वर ठेवून झोपतो, मला सोसतंय, पण हे वाचून कुणी डोळे झाकून एक्स्ट्रा फर्म घेऊ नका.

गादी उलटी करून मऊ बाजू वर केली तर तिला बरं आणि मला खोल. मग आई मधे पडली. जुन्या गादीतला चांगला कापूस निवडून पिंजाऱ्याकडं दिला, त्यानं मशीनवर पिंजून पलंगाच्या अर्ध्या रुंदीची पातळ गादी भरून टाके घालून दिली, दीड इंच असेल. ती फोमवर मिसेसच्या बाजूला. आता तिचा खांदा गप्प आहे आणि आई आल्यागेल्याला सांगते, "बारा हजार घातला आणि शेवटी कापूसच लागला." काय बोलणार. हां, उशी पण बदलावी लागली, कडक गादीवर शरीर खाली जात नाही त्यामुळं कुशीवाल्याला उशी जाड लागते, हे कुठल्या साइटवर लिहिलेलं नव्हतं.

आता पाऊस. हे बेळगाववाल्यांनी आणि त्यापेक्षा खानापूर-जांबोटी साइडच्यांनी नीट वाचा. कापसाची गादी उन्हात टेरेसवर टाकली की खडखडीत होते, फोम तसं उन्हात टाकायचा नाही, उन्हानं तो पिवळा पडतो आणि भुगा व्हायला लागतो. आणि जुलै-ऑगस्टमधे ऊन आहेच कुठं, कपडे वाळत नाहीत तर गादी काय. रात्रभर अंगाची वाफ गादीतून खाली जाते, खाली बॉक्सचा पलंग आणि सलग प्लायवूड असेल तर ती तिथंच अडकते आणि खालून बुरशी. आमच्या पलंगाला पट्ट्या होत्या पण त्यावर वडिलांनी नंतर प्लाय मारलेला, मी तो काढला नाही, होल सॉ लावून त्याला इंचाइंचाची भोकं पाडली वीतभर अंतरानं. पाऊसभर आठवड्यातून एकदा गादी भिंतीला उभी करून फॅन लावायचा, तासभर बास. वर ते प्लास्टिकचं प्रोटेक्टर येतं ते घेऊ नका, घाम आत जात नाही पण बाहेर पण येत नाही, कापडी घ्या. गेला पावसाळा असा काढला, खालची बाजू कोरडी आणि वास नाही. उन्हाळ्यात एप्रिल-मे ला कापसापेक्षा पाठ गरम होते हे खरं, आपल्याकडं तेवढं चालून जातं, सोलापूरवाल्यांनी विचार करून घ्यावी.

ट्रायलबद्दल. 100 रात्रीची ट्रायल, नाही आवडली तर परत, हे सगळेच लिहितात. खानापूर तालुक्यातल्या मावशीनं माझं बघून दुसऱ्या एका कंपनीची मागवली, तिला नाही जमली, परत घ्या म्हटलं तर तुमच्या पिनकोडला रिटर्न पिकअप नाही म्हणून सांगितलं. आणायला पिनकोड चालतो, न्यायला चालत नाही! फुगलेली गादी परत गुंडाळता येत नाही, टेम्पो करून बेळगावला आणायचा तर खर्च कुणी करायचा, शेवटी तिथंच ठेवली पाहुण्यांसाठी. तेव्हा गावाकडचे असाल तर पैसे भरायच्या आधी कस्टमर केअरला चॅटवर विचारा की माझ्या पिनकोडवरून परत नेणार काय, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोनवर विचारलं तर पुरावा राहत नाही.

वॉरंटी 10 वर्षं आहे, पण ती खड्ड्याची, आणि खड्डा म्हणजे कुणी झोपलेलं नसताना एक इंचापेक्षा जास्त दबलेलं असलं पाहिजे. गादी मऊ वाटायला लागली हे त्यात येत नाही. डाग पडला, कव्हर धुताना फाटलं, खालचा पलंग वाकडा निघाला तर गेलीच. बिल आणि गादीच्या कडेचं लेबल जपून ठेवा. मी दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाला करतो, आणि करताना ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून मधे स्टीलची पट्टी लावून बघतो, धंद्याची सवय. माझ्या बाजूला आत्तापर्यंत दोन-तीन मिलीमीटर, तिच्या बाजूला काहीच नाही.